देवीने मोकळी केलेली सून

"नाक दाब आणि एका घोटात घे," बनूआत्या म्हणाली.

गोदावहिनीने, माझ्या थोरल्या जावेने, नाक दाबलं, डोळे मिटले आणि फुलपात्रभर दूर्वांचा रस घशाखाली ढकलला. हनुवटीवर हिरवा ओघळ आला. तो तिने पदराने टिपला आणि आत्याकडे बघत बसली.

"उतरला?"

"उतरला."

"आता तुळशीकडे तोंड करून बस. दहा मिनिटं बोलायचं नाही."

"तुळशीकडेच का?" मी विचारलं. "पपनसाकडे तोंड केलं तर रस उलटा चढतो का?"

बनूआत्याने फुलपात्र विसळून पालथं घातलं. ती माझ्या सासऱ्यांची बालविधवा बहीण. घरातली औषधं, लोणची आणि इतरांची अब्रू एवढं सगळं तिच्या ताब्यात असायचं. माझ्यासारखी पुण्याची सून म्हणजे तिच्या लेखी नासलेलं लोणचं, आणि माझ्या लेखी ती काय होती ते मी तिला दर खेपेला चेहऱ्यानेच सांगत असे.

याला आता अडतीस वर्षं झाली. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, पुण्यात मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि जगातल्या बहुतेक माणसांना मी नापास करून टाकलेलं होतं. सासरच्यांना तर पेपर न तपासताच. सासर रत्नागिरी जिल्ह्यात, कोंडशेत नावाच्या गावी. गावात लघाट्यांची दोन घरं. आमचं वरचं, आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे चुलतभावकीचं खालचं. दोन्ही घरांत पिढ्यान् पिढ्या एकाच गोष्टीवरून दात-ओठ खाणं चालू होतं. चैत्री पौर्णिमेला नवलाई देवीचा महानैवेद्य कोणी रांधायचा? तो मान आमच्याकडे होता, आणि तो कधी निसटतो याकडे खालचं घर डोळे लावून बसलेलं होतं.

नैवेद्य म्हणजे एकवीस पुरणपोळ्या, साखरभात, खीर आणि बारा बारीकसारीक जिन्नस. तो एकाच बाईने करायचा. ती सुवाशीण हवी आणि तिची पाळी कायमची थांबलेली हवी. म्हणजे बनूआत्या विधवा म्हणून बाद आणि मी वयामुळे बाद. माझ्या सासूबाईंनी तो मरेपर्यंत केला. त्या गेल्या तेव्हा गोदावहिनी सदतीस वर्षांची होती, आणि वरच्या घरात देवीला चालेल अशी एकही बाई उरली नव्हती. मान जाणार हे गावाने धरूनच चाललं होतं. पण चारच महिन्यांत वहिनीची पाळी थांबली. सदतीसाव्या वर्षी! सासू गेली आणि देवीने सुनेला मोकळं केलं, अशी ती गोष्ट झाली. अण्णा, म्हणजे माझे सासरे, आल्यागेल्याला ओटीवर बसवून ती ऐकवायचे आणि शेवटी उपरण्याने डोळे पुसायचे. मी पाणी द्यायला बाहेर आले की मनात म्हणायचे, एखादीची थांबते लवकर. त्यात देवीचं काय कौतुक? गावच्या रस्त्याला जन्मात एक दमडी आलेली नाही, आणि देवी म्हणे घरोघर जाऊन बायकांच्या पाळ्या थांबवत बसल्येय.

पण देवीची ती कृपा वहिनीला फार महागात पडत होती. तिला झळा येत. साध्या नव्हेत. ताक घुसळता घुसळता तिच्या छातीतून लाली उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची आणि मिनिटभरात पोलकं पाठीला चिकटायचं. भर पौषात ती अंगणातल्या कातळावर गाल टेकून बसलेली मी पाहिली आहे. आणि नैवेद्य करायचा चैत्रात, तीन चुली पेटवून, दार लावून, सोवळ्यात, नैवेद्य दाखवेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता.

मागच्या उत्सवात वहिनीच्या घामाचा थेंब पुरणात पडला, असं खालच्या घरच्या आक्काने भर सभामंडपात सांगितलं. पडला की नाही देव जाणे. आक्का चुलीपासून वीस हात लांब होती. पण गावकऱ्यांनी ठरवलं, पुढच्या खेपेला एवढंसंही वावगं झालं, बाई मध्येच बाहेर आली किंवा नैवेद्याला उशीर झाला, तर मान खालच्या घरी जाईल, तो परत यायचा नाही. म्हणून त्या वर्षी दिवाळीपासून वहिनीला थंड करण्याचा कारखानाच सुरू झालेला होता, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलेली मी तो बघत होते.

सकाळी दूर्वांचा रस. मग भिजवलेल्या काळ्या मनुका, त्याही मोजून एकवीस. दुपारी धने-जिऱ्याचं पाणी. तिन्हीसांजेला सब्जा घातलेलं दूध. माठात वाळ्याची जुडी. उशाशी मोगरा. आणि निजायच्या आधी बनूआत्या काशाच्या वाटीने तिचे तळपाय घासायची, वाटी काळी होईपर्यंत. "बघ, उष्णता उतरली," असं म्हणून ती काळी वाटी मला दाखवायची.

"आत्या, ते काशातलं तांबं आहे," मी सांगितलं. "माझ्या पायाला घासलीत तरी काळी होईल. देवळाच्या खांबाला तूप लावून घासलीत तरी होईल."

"होय हो," आत्या म्हणाली. "तू शहाणी."

चैत्रात, उत्सवाच्या आदल्या दिवशी, मी पुण्याहून पुन्हा पोचले त्या संध्याकाळी, वहिनी मला मागच्या पडवीत गाठून हळूच म्हणाली, "सुनीती, तुमच्या शास्त्रात काही असलं तर सांग ना गो."

"शास्त्रात एकच उपाय आहे वहिनी. चुलीपासून लांब बसायचं."

"ते सोडून सांग."

"मग डॉक्टरला दाखवा. रत्नागिरीत चांगल्या बाई डॉक्टर आहेत."

"डॉक्टर नको," ती इतक्या घाईने म्हणाली की मला हसू आलं. "पाल्याचं, मुळाचं काय असेल ते सांग. मला अजून बरीच वर्षं करायचाय नैवेद्य. वीस तरी."

वीस वर्षं! मला तिची कीवही आली नाही, खरं सांगते. मला तिचा तिटकारा आला. एक बाई, जिला चौथीपर्यंत शिकवून उजवली, आणि जिची आयुष्यातली सगळी महत्त्वाकांक्षा काय, तर एका शेंदूर फासलेल्या दगडासाठी साठाव्या वर्षापर्यंत पोळ्या लाटायच्या. आणि त्यासाठी गवत पिळून पिते. वाळ्याच्या पाण्याने तिला तासभर तरी बरं वाटायचं, हे मी पाहिलेलं होतं. पण तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नव्हतं.

उत्सवाच्या दिवशी पहाटे मला पाळी आली. चार दिवस आधी.

सांगितलं असतं तर गोठ्यालगतच्या खोलीत चटई टाकून मिळाली असती, लांबून सरकवलेलं ताट मिळालं असतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांनी 'काकू बाहेरची आहे' म्हणून गावभर केलं असतं. मी सांगितलं नाही. आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले आणि वहिनीबरोबर देवळात गेले. मुदपाकखान्याच्या उंबऱ्याबाहेर बसून सरपण, पाणी आत सरकवायचं काम माझं होतं. आत जायचं नाही, शिवायचं नाही. देवीला कळत असेल तर कळू दे, असं मी मनात म्हटलं. मला त्या विचाराने गंमतच वाटत होती.

मुदपाकखाना म्हणजे देवळामागची दगडी खोली, हातभर खिडकी आणि जाड दार. वहिनीने विहिरीवर आंघोळ केली, ओलेत्याने आत जाऊन सोवळं नेसली आणि चुली पेटवल्या. सभामंडपाच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून खालच्या घरची आक्का येऊन बसली. हातात जपाची माळ, पण मणी एकही पुढे सरकत नव्हता.

दहा वाजेपर्यंत ठीक चाललं. भात झाला, खीर झाली, बारीकसारीक जिन्नस झाले, पुरण शिजून वाटून झालं. घाम आला की वहिनी खिडकीखाली जाऊन मान मागे टाकायची, पदराने पुसायची, हात धुवायची आणि परत चुलीशी यायची. प्रत्येक वेळी हात धुणं, प्रत्येक वेळी मी घागर सरकवणं. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं.

मग एक झळ आली ती उतरेचना. मी फटीतून पाहत होते. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. लाटणं हातात धरून ती भिंतीपर्यंत गेली, दगडाला कपाळ टेकलं आणि हळूहळू खाली बसली.

"वहिनी?"

"सुनीती, मला नीट दिसत नाहीये गो."

"बाहेर या. मी अण्णांना हाक मारते."

"नको!" तिने एवढ्या जोरात म्हटलं की मला आक्काकडे पाहावं लागलं. "आक्का बसल्येय बाहेर. मी बसत्ये अशीच. पाच मिनिटांनी उठत्ये."

ती उठण्यासारखी नव्हती. पाणी पी म्हटलं तर मान हलवली. साडेअकरा वाजत आले होते, साडेबाराला ढोल वाजवत मानकरी येणार होते, आणि परातीत पुरणाचा गोळा तसाच पडलेला होता. आक्का पाणी प्यायला उठली तेवढ्यात मी घागर उचलून उंबरा ओलांडला आणि आतून दार लावलं; परतल्यावर तिला मी सरपण आणायला गेलेय असंच वाटणार होतं.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "तू? तुझं अजून थांबलेलं नाही."

"दार बंद आहे. कुणाला दिसणार?"

"तिला दिसेल."

"मग तुमच्या हातून होतंय का ते सांगा. होत असेल तर मी जाते."

तिने उठायचा प्रयत्न केला. गुडघे धरून परत बसली. मग खूप हळू म्हणाली, "निदान... तुझी तारीख?"

"झाली आठ दिवसांपूर्वी," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

वलणीवर दुसरं सोवळं होतं. घागर अंगावर ओतून मी ते नेसले आणि पोळ्यांना बसले. पोळ्या मला चांगल्या येतात; माझी आई त्या बाबतीत फार कडक होती. वहिनी भिंतीशी बसून सांगत होती, कणीक अजून मळ, कडेपर्यंत पुरण जाऊ दे, तवा उतरव. मधूनच हात जोडून पुटपुटत होती, "आई, माझ्या हातचं नाही, पण माझ्या घरचं आहे. गोड मानून घे." मला हसू आवरत नव्हतं. पहिल्या दिवसाच्या कळा पोटात येत होत्या, घाम माझ्याही कपाळावरून गळत होता, आणि एकविसातल्या निदान चार पोळ्यांवर तरी तो पडला असेल. लाटत राहिले.

सव्वाबाराला वहिनीला धरून उभं केलं. तिने तोंडावर पाणी मारलं, मी पुन्हा माझी साडी नेसले, आक्का मानकऱ्यांना बघायला पुढच्या अंगणात गेली तेवढ्यात उंबऱ्याबाहेर आले, आणि ढोल वाजले तेव्हा वहिनी ताट घेऊन ताठ बाहेर पडली.

नैवेद्य दाखवल्यावर कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि नैवेद्य पावला का विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर पावला. कधीकधी तासतास वाट पाहावी लागते. त्या दिवशी गुरवाचं वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. असा लगेच कौल सासूबाई गेल्यापासून मिळाला नव्हता, असं सगळे म्हणाले. अण्णांनी डोळे पुसले. आक्का माळ कमरेला खोचून निघून गेली. पंगतीत एकेक मानकरी पोळीचा तुकडा तोंडात घालून डोलायला लागला. "गोदावरीच्या हाताला देवीनेच चव दिली," गुरव म्हणाला. मी खाली मान घालून वाढत होते, कारण वर पाहिलं असतं तर फसकन हसले असते.

हे पोटात ठेवणं मला जमणारच नव्हतं. चार वाजता वहिनी पोफळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. केस मोकळे, डोळे मिटलेले. चेहरा शांत होता. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आईनेच सांभाळलं आज," ती म्हणाली. "आणि तू."

"वहिनी, एक सांगते. रागावू नका. मला आज पहाटे पाळी आली. पोळ्या केल्या तेव्हा माझा पहिला दिवस होता."

तिने डोळे उघडले. मी तयारीच करून आले होते. आता ती कानांवर हात ठेवील, रडेल, आणि मग मी तिला शहाणं करून सोडीन, असं माझं ठरलेलं होतं.

"पहिला?" ती म्हणाली.

"हो. आणि काय झालं? आभाळ कोसळलं? पोळ्या लोकांनी दोन दोन खाल्ल्या."

"तरी उजवा दिला."

"लगेच दिला. तुमच्या डोळ्यांसमोर. म्हणूनच सांगते, हे सगळं थोतांड..."

"म्हणजे तिला चालतं," वहिनी म्हणाली. ती माझ्याशी बोलतच नव्हती. तिने पाय पाण्यातून बाहेर घेतले, साडीने कोरडे केले. "तिला चालत होतं. मग माझी पिशवी कशाला काढली गो?"

मला आधी कळलंच नाही. मग चार वर्षांपूर्वीचं पत्र आठवलं. 'वहिनीच्या पोटात गाठ होती, ती रत्नागिरीस काढली, आता बरी आहे.' परीक्षा चालू होत्या. मी गेले नव्हते. विचारलंही नव्हतं.

"गाठ होती ना?"

"मलाही गाठच सांगितली होती. सासूबाईंचं वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नव्हतं. अण्णांनी मला विचारलं, तुझ्या पोटात दुखतं का? चार दिवस दुखतं, म्हटलं. कुणाचं दुखत नाही? ह्यांनी सही केली. भूल उतरल्यावर तिथली नर्स म्हणाली, बाई, सगळं चांगलं होतं हो तुमचं, दोन्ही बाजूंचे बीजकोशसुद्धा, का काढून घेतलंत? तेव्हा कळलं."

"आणि देवीने मोकळं केलं ते?"

"ते अण्णांनी मागाहून केलं. सांगायला बरं दिसतं."

 घाईत माझ्या तोंडून नेहमीचाच स्वर निघाला. "आणि एवढं कळल्यावरही तुम्ही त्यांच्यासाठी पोळ्या लाटत राहिलात? मान टिकावा म्हणून गवताचा रस प्यायलात?"

वहिनीने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. शाळेत मी ढ मुलीकडे बघायचे, तसं.

"मानासाठी?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी त्या थेंबाची ओरड झाली ना, त्यानंतर दिवाळीत अण्णा मला विचारत होते, धाकटीला कितवं लागलं म्हणून."

धाकटी म्हणजे मी.

"छत्तीसावं, म्हटलं. तर म्हणाले, दोन मुलं झाल्येत ना तिला? तेव्हापासून रस पीत्ये मी. आत्या सांगेल ते सगळं करत्ये. मी म्हटलं अण्णांना, मला काही होत नाही, मी करीन अजून वीस वर्षं. तोवर तुझं आपसूक थांबेल."

"मी थोडीच ऐकलं असतं त्यांचं?"

"मी तरी कुठे ऐकणार होत्ये? ते सांगतच नाहीत. पोटात दुखतं का, एवढंच विचारतात."

आणि मला आठवलं, आदल्या संध्याकाळी मी एसटीतून उतरून ओटीवर पाय ठेवला तेव्हा अण्णांनी मायेने विचारलं होतं, 'सूनबाई, प्रकृती कशी आहे? पोटाबिटाचं काही?' माझा नवरा शेजारी उभा होता. त्याने वडिलांना उभ्या जन्मात कशाला नाही म्हटलेलं नव्हतं.

मी उठले. वहिनीने माझा हात धरला. "बस इथे. आज निभावलंय. माझी शपथ आहे तुला, बोलू नकोस काही."

मी हात सोडवून घेतला. शपथांवर माझा विश्वास नव्हता.

ओटीवर अण्णा, वहिनीचे यजमान दादाभावजी, गुरव आणि पाचसहा मानकरी पान लावत बसले होते. माझा नवरा अविनाश सुपारी कातरत होता. मी माजघराच्या दारात न थांबता सरळ ओटीवर गेले.

"आजच्या पोळ्या मी केल्या," मी म्हणाले. "वहिनी नव्हे. आणि मला आज पहिला दिवस आहे."

अडकित्ता थांबला. कुणीतरी तोंडातलं पान तसंच धरून बसलं.

"उन्हाने डोकं फिरलंय हिचं," अण्णा म्हणाले. "अविनाश, आत ने तिला."

"वहिनींना विचारा."

वहिनी माझ्यामागून येऊन दारात उभी राहिली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी तिचंच खरं मानलं असतं; मला वेडी ठरवायला ते केव्हाही तयार होते. ती उंबरा ओलांडून ओटीवर आली.

"खरं आहे," ती म्हणाली.

गुरव खांद्यावरचं उपरणं झटकून आधी उठला. मग एकेक करून सगळे. पानांचं तबक तसंच राहिलं. दुसऱ्याच दिवशी देऊळ धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं आणि मान खालच्या घरी गेला. देवीने उजवा कौल दिला होता, हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. अण्णा मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघाले. वहिनी मला पोचवायला आली नाही, त्याचंही मला काही वाटलं नाही. खिडकीशी बसून मी खूश होते. दोन वाक्यांत मी दोन बायका सोडवल्या होत्या, एक मी आणि एक ती. आता तिला तीन चुलींसमोर बसावं लागणार नव्हतं आणि माझ्या पोटाची चौकशी कुणी करणार नव्हतं. त्या गावात एवढं डोकं चालवणारं दुसरं कुणी जन्मलं नव्हतं, असं मला वाटत होतं. स्वतःवर इतकी खूश मी पुन्हा कधी झालेली नाही.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात वहिनीचं पत्र आलं. मला आलेलं तिचं ते पहिलं आणि शेवटचं पत्र. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, पण ओळ वाकडी नाही.

'चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व ठीक. अण्णांचा दमा वाढला आहे. आंब्याला मोहोर बरा आहे. माझं ते आता पुष्कळ कमी झालं आहे, कधीतरी येतं आणि जातं. खालच्या घरच्या आक्का पायरीवरून पडल्या, त्यांना उभं राहवत नाही. त्यांची सून शुभदा परवा रत्नागिरीहून आली. गाठ होती म्हणतात. ती एकतीस वर्षांची आहे, धाकटा मुलगा अजून अंगावर पितो. तिला काही सांगितलेलं नाही, पण ती मला विचारते की माझ्या अंगाची अशी आग का होते. मी रोज जाऊन तिच्यापाशी बसते. तुझ्यावर माझा राग नाही. पण तू त्या दिवशी गप्प राहिली असतीस, तर मी अजून दहा वर्षं नैवेद्य केला असता.'